बेटांच्या देशांची छोटी सोन्याची नाणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पलाऊ, कुक आयलंड्स, निउए, तुवालू, सॉलोमन आयलंड्स, फिजी, सामोआ. या देशांच्या नावाची अर्ध्या ग्रॅमपासून एक दशांश औंसापर्यंतची सोन्याची नाणी परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांच्या हातून, लिलावातून किंवा जुन्या संग्रहातून आपल्याकडे पोहोचतात. त्यांच्याबद्दल नेहमी येणाऱ्या प्रश्नांची ही उत्तरं. यातला मुख्य मुद्दा आधीच सांगतो: नाण्यावरचं देशाचं नाव एवढंच सांगतं, की परवानगी कोणी दिली. नाण्याची किंमत ठरते ती वजन, शुद्धता आणि टांकसाळ यांवरून.

पलाऊचं नाणं जर्मनीत का पाडलेलं असतं?

कारण पलाऊकडे टांकसाळच नाही, आणि तिथे रोजचा व्यवहार अमेरिकन डॉलरमध्ये चालतो. नाण्याची कल्पना, चित्र, सोनं आणि विक्री हे सगळं परदेशी कंपनीचं असतं. ती कंपनी त्या देशाच्या सरकारकडे किंवा चलन-अधिकाऱ्याकडे चित्र आणि दर्शनी किंमत मंजुरीसाठी पाठवते. मंजुरी मिळाली की नाणी पाडली जातात आणि सरकारला त्यावर मानधन मिळतं. छोट्या देशाला काही खर्च न करता थोडं उत्पन्न होतं आणि कंपनीला ‘कायदेशीर चलन’ हे शब्द वापरता येतात. पलाऊच्या नावाची संग्राह्य नाणी १९९२ पासून येत आहेत आणि त्यांची सुरुवात सागरी जीवांच्या मालिकेने झाली. त्यातली बरीच लिख्टेनश्टाइनच्या सीआयटी कंपनीने बाजारात आणली आणि म्युनिकच्या बी. एच. मायर या खासगी टांकसाळीत पाडली गेली.

इतर जोड्याही ठरलेल्या दिसतात. ऑस्ट्रेलियातली पर्थ मिंट तुवालूची नाणी पाडते. ही टांकसाळ १८९९ मध्ये सुरू झाली आणि आज पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्य सरकारच्या मालकीची आहे. ऑकलंडची न्यूझीलंड मिंट निउएची नाणी पाडते. नाव ऐकून ती सरकारी वाटते, पण ती खासगी कंपनी आहे. इंग्लंडच्या सरे परगण्यातल्या पॉबजॉय मिंटने आइल ऑफ मॅनसकट अनेक बेटांसाठी नाणी पाडली. ती २०२३ मध्ये बंद झाली. एकाच देशाची नाणी वेगवेगळ्या टांकसाळींतून येऊ शकतात. त्यामुळे ‘कुक आयलंड्सचं नाणं’ एवढ्याने दर्जा कळत नाही. कोणी पाडलं ते आधी विचारा.

ही प्रथा कधीपासूनची?

पॅसिफिकमध्ये टोंगाने १९६२ साली राणी सालोतेच्या काळात ‘कौला’ ही सोन्याची नाणी काढली. ती लंडनच्या रॉयल मिंटमध्ये पाडली होती आणि वजनदार होती. सगळ्यांत लहान पाव कौला सुद्धा ८ ग्रॅमच्या वर होतं. मग १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या फ्रँकलिन मिंटने कॅरिबियन आणि पॅसिफिक बेटांसाठी नाण्यांचा धडाकाच लावला. त्या काळातलं नाणं हाती आलं तर शुद्धता आवर्जून वाचा. बार्बाडोसचं १९७५ चं १०० डॉलरचं नाणं ६.२१ ग्रॅमचं आहे, पण सोनं ५०० शुद्धतेचं (हजार भागांत ५०० भाग सोनं), म्हणजे १२ कॅरेट. त्यात शुद्ध सोनं जेमतेम ३.१ ग्रॅम. ६ ग्रॅमच्या हिशेबाने पैसे मोजणाऱ्याचं यात निम्मं नुकसान होतं.

खरी इवलीशी नाणी रुळली ती १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात, पॉबजॉयच्या आइल ऑफ मॅन नाण्यांमुळे. १/२५ औंस आणि १३.९२ मिलिमीटर हे माप तिथून पसरलं आणि पुढे कितीतरी बेटांनी ते उचललं.

कोणत्या मापांची नाणी मिळतात?

नेहमी दिसणारी मापं ही:

- ०.५ ग्रॅम, व्यास ११ मिमी
- १/५० औंस, ०.६२ ग्रॅम
- १/२५ औंस, १.२४ ग्रॅम, व्यास १३.९२ मिमी
- १/२० औंस, १.५६ ग्रॅम
- १/१० औंस, ३.११ ग्रॅम

इथला औंस ट्रॉय औंस आहे, म्हणजे ३१.१०३५ ग्रॅम. स्वयंपाकघरातला २८.३५ ग्रॅमचा औंस धरला तर प्रत्येक हिशेब सुमारे ९ टक्क्यांनी चुकतो. जाहिरातीत ‘१/२’ लिहिलेलं असेल तर पुढे ग्रॅम आहे की औंस ते बघा. ‘१/२०० औंस’ असं भारदस्त काही दिसलं तर ते ०.१५५ ग्रॅम असतं, आपल्या जुन्या मापाने सव्वा गुंज. अर्धा ग्रॅम म्हणजे साधारण चार गुंजा.

इतकं छोटं सोन्याचं नाणं म्हणजे काहीतरी नवलाचं, असं आपल्याकडे तरी वाटायला नको. दक्षिण भारतात ०.४ ग्रॅमच्या आसपासची ‘पणम’ नावाची सोन्याची नाणी शतकानुशतकं बाजारात रोज फिरत होती.

‘जगातलं सर्वांत छोटं सोन्याचं नाणं’ असं पाकिटावर लिहिलंय. खरं आहे का?

अर्ध्या ग्रॅमच्या नाण्याबाबत तरी नाही. स्वित्झर्लंडच्या सरकारी टांकसाळीने २०२० मध्ये आइन्स्टाइनचं चित्र असलेलं पाव फ्रँकचं सोन्याचं नाणं काढलं. त्याचा व्यास २.९६ मिमी आणि वजन ०.०६३ ग्रॅम. अर्ध्या ग्रॅमची नाणी ‘सर्वांत छोट्या नाण्यांची मालिका’ अशा नावाने विकली जातात. ते विक्रीचं नाव आहे, त्याला विक्रमाचा दाखला समजू नका.

नाण्यावर १ डॉलर लिहिलंय आणि किंमत काही हजार रुपये. मग दर्शनी किमतीचा अर्थ काय?

दर्शनी किंमत कायद्यापुरती. ती मुद्दाम सोन्याच्या किमतीपेक्षा खूप खाली ठेवलेली असते, म्हणजे नाणं बदलून घ्यायला कुणी सरकारच्या दारात येणार नाही. पलाऊच्या दुकानात हे नाणं देऊन काही मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. दर्शनी किमतीचे आकडे आपसांत तुलना करण्यासारखेही नसतात: एकाच वजनाचं नाणं एका देशाचं १ डॉलरचं, दुसऱ्याचं ५ किंवा १० डॉलरचं असतं. १० डॉलरच्या नाण्यात म्हणून जास्त सोनं नसतं.

मग ‘कायदेशीर चलन’ या शिक्क्याचा उपयोग कुणाला?

युरोपात त्याचा थेट कराशी संबंध आहे आणि या सगळ्या व्यवहाराचं एक मोठं कारण तिथेच आहे. युरोपियन युनियनच्या नियमांनुसार ‘गुंतवणुकीचं सोनं’ मूल्यवर्धित करातून मुक्त असतं. नाण्याला त्यात बसायचं तर चार अटी: शुद्धता किमान ९००, पाडलेलं १८०० सालानंतर, मूळ देशात ते कायदेशीर चलन असावं किंवा कधी काळी असलेलं असावं, आणि विक्रीची नेहमीची किंमत आतल्या सोन्याच्या बाजारभावापेक्षा ८० टक्क्यांहून जास्त नसावी. नुसत्या पदकाला ही सवलत नाही. म्हणून खासगी टांकसाळीला कुठल्यातरी देशाचं नाव हवं असतं.

आता चौथी अट अर्ध्या ग्रॅमला लावून पाहा. सोपा आकडा म्हणून सोनं १०,००० रुपये ग्रॅम धरलं, तर अर्ध्या ग्रॅममध्ये ५,००० रुपयांचं सोनं आणि मर्यादा ९,००० रुपयांची. छान डब्यातलं, रंगीत प्रमाणपत्रासह विकलं जाणारं प्रूफ (संग्राहकांसाठी आरशासारखं चकचकीत पाडलेलं) नाणं ही मर्यादा सहज ओलांडतं. म्हणजे ज्या शिक्क्याच्या जोरावर ते ‘गुंतवणूक’ म्हणून विकलं जातं, त्याच शिक्क्याची करसवलत त्याला बरेचदा मिळत नाही.

चांदीच्या बाबतीत हा खेळ आणखी उघड होता. जर्मनीत २०१३ अखेरपर्यंत चांदीच्या नाण्यांवर ७ टक्के आणि चांदीच्या विटांवर १९ टक्के कर होता. मग कुक आयलंड्सची दर्शनी किंमत कोरलेल्या चांदीच्या विटाच ‘नाणी’ म्हणून बाजारात आल्या.

छोटं नाणं सोन्याच्या मानाने इतकं महाग का पडतं?

घडणावळीमुळे. साचा कोरणं, पत्रा लाटणं, चकत्या कापणं, एकेक चकती तपासणं, प्रूफसाठी चकती आणि साचा चकचकीत करणं, कुपी (नाणं ठेवायची पारदर्शक डबी), प्रमाणपत्र: हा खर्च अर्ध्या ग्रॅमला आणि एका औंसाला जवळपास सारखाच येतो. एका औंसावर तो काही टक्क्यांत विरतो, अर्ध्या ग्रॅमवर सोन्याइतकाच होऊन बसतो. मूळ सोन्याच्या दीडपट ते दुप्पट किंमत या मापात नेहमीची आहे.

विकताना उलटं घडतं. आपल्याकडचा सराफ मोडीच्या भावाने बघतो. परदेशी नाण्यावर बीआयएसचा हॉलमार्क नसतो, त्यामुळे तो मशीनवर तपासून किंवा वितळवून मगच भाव देतो आणि घट कापतो. डबा, प्रमाणपत्र, मर्यादित संख्या यांचे पैसे संग्राहक देईल, सराफ देणार नाही. सोन्यात बचत करायची असेल तर हे नाणं घेऊ नका. विषय आवडला, चित्र आवडलं, मालिका पूर्ण करायची आहे, तर जरूर घ्या. ११ मिलिमीटरच्या चकतीवर भिंगाखाली शिडाच्या जहाजाचे दोर सुटे दिसतात, ते कसब पैसे मोजण्यासारखं असतं.

‘सोन्याचं नाणं’ म्हणून काहीही खपवतात असं ऐकतो. वर्णनात काय वाचावं?

पहिली गोष्ट शुद्धता. ९९९९ किंवा ९९९ असेल तर ते २४ कॅरेट. ५८५ असेल तर १४ कॅरेट: अर्ध्या ग्रॅमच्या नाण्यात ०.२९ ग्रॅम सोनं. वर्णनात शुद्धतेचा आकडाच नसेल तर घेऊ नका.

‘२४ कॅरेट सोन्याचा थर’, ‘सोन्याने मढवलेलं’, ‘गोल्ड प्लेटेड’, ‘गोल्ड लेयर्ड’ म्हणजे आत दुसराच धातू, बहुधा तांबं किंवा पितळ आहे आणि सोन्याच्या दृष्टीने किंमत शून्याजवळ. हे शब्द बहुधा बारीक अक्षरात, ओळीच्या शेवटी असतात.

‘मर्यादित संख्या १५,०००’ ही वरची मर्यादा असते. प्रत्यक्षात किती पाडली तो वेगळा आकडा. प्रमाणपत्रावरचा क्रमांक प्रमाणपत्राचा असतो, नाण्यावर काही कोरलेलं नसतं. त्यामुळे एका नाण्याचं प्रमाणपत्र दुसऱ्या नाण्याबरोबर सहज जातं.

परदेशात राहणाऱ्यांनी एक सवय लावून घ्यावी: पहिलं नाणं अगदी स्वस्तात देणाऱ्या योजनेच्या अटी शेवटपर्यंत वाचा. बरेचदा त्यात पुढची नाणी दर महिन्याला ‘पसंतीसाठी’ आपोआप येत राहतात. ठराविक दिवसांत परत पाठवली नाहीत तर बिल आपलं.

नाणं खरं आहे का, घरी कसं तपासायचं?

नाण्याला ओरखडा न पाडता बरंच काही कळतं. कसोटीच्या दगडावर मात्र कधीच घासू देऊ नका. कस लावला की संग्राहकाच्या दृष्टीने नाणं संपलं.

आधी आकडे समजून घ्या. शुद्ध सोन्याची घनता १९.३. अर्धा ग्रॅम सोनं ११ मिमी व्यासात बसवलं तर सरासरी जाडी येते ०.२७ मिमी. कडा थोडी जाड, मधली सपाट जागा त्याहून पातळ. याच आकाराचं नाणं तांब्याचं असेल तर वजन भरेल ०.२३ ग्रॅम, चांदीचं असेल तर ०.२७ ग्रॅम. वजन अर्धा ग्रॅमच ठेवायचं म्हटलं तर तांब्याचं नाणं दुपटीहून जाड होईल, ते नजरेलाच खटकतं. शर्टाच्या बटणाएवढ्या रुंदीचं नाणं बटणासारखंच जाड लागलं, तर ते अर्ध्या ग्रॅमचं सोनं नाही.

आता वजन. ०.०१ ग्रॅम दाखवणारा स्वस्त खिसेकाटा साध्या वजनाला चालेल, घनतेला चालणार नाही. अर्धा ग्रॅम सोनं ०.०२६ ग्रॅम पाणी बाजूला सारतं. खिसेकाटा ते ०.०२ किंवा ०.०३ दाखवेल, आणि घनता २५ किंवा १६.७ निघेल. दोन्ही निरर्थक. ०.००१ ग्रॅमचा, म्हणजे मिलिग्रॅम काटा हवा. बऱ्याच सराफांकडे तो असतो. कृती अशी:

१. नाणं कुपीतून काढून कोरडं वजन घ्या.
२. काट्यावर पाणी भरलेली काचेची छोटी वाटी ठेवा. पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाका, त्याने बुडबुडे चिकटत नाहीत.
३. अगदी बारीक नायलॉन धाग्याचा फास रिकामाच ठरलेल्या खोलीपर्यंत बुडवा आणि काटा शून्यावर आणा.
४. फासात नाणं अडकवून त्याच खोलीला पूर्ण बुडवा. तळाला आणि कडेला लागू देऊ नका.
५. काट्यावरच्या आकड्याने कोरड्या वजनाला भागा.

उत्तर १८.५ ते २० च्या दरम्यान आलं तर ठीक. मिलिग्रॅमचा फरक सुद्धा ४ टक्के इकडेतिकडे करतो, म्हणून निदान तीनदा मोजा. धागा जाड असेल किंवा एक बुडबुडा राहिला तर उत्तर हमखास कमी येतं. ५ ग्रॅमच्या नाण्याला ही पद्धत चोख आहे, अर्ध्या ग्रॅमला ती काठावर चालते.

सराफाकडचं एक्सआरएफ (क्ष-किरणांनी तपासणारं) यंत्र नाण्याला इजा न करता धातू सांगतं, पण ते फक्त वरचा पातळ थर वाचतं. जाड मुलाम्याला ते फसू शकतं. म्हणून यंत्राचा कागद आणि वजन-जाडीचा मेळ दोन्ही बघा.

हे नाणं यादीत कुठे शोधायचं?

जुन्या नाण्यांसाठी क्राउझेच्या जागतिक सूचीतला ‘केएम’ क्रमांक चालतो. नव्या नाण्यांतल्या कित्येकांना तो नाही. नुमिस्टा या संकेतस्थळावर देश, साल, वजन आणि व्यास टाकून शोध घ्या. तिथे नाणं ‘नाणी’ विभागात आहे की ‘एक्झोनुमिया’ (नाण्यासारख्या पण नाणं नसलेल्या वस्तू) विभागात, तेही पाहा. देशाचं नाव परवानगीशिवाय छापलेल्या काल्पनिक चकत्या दुसऱ्या विभागात सापडतात. दर्शनी किंमत किंवा देशाचं नाव नसेल तर ते पदक आहे.

राणी एलिझाबेथचं चित्र पाहून ‘ब्रिटिश नाणं’ म्हणून विकलं जातं, तिकडेही लक्ष ठेवा. तुवालू, सॉलोमन, कुक आयलंड्स, निउए यांच्या नाण्यांवर ब्रिटनच्या राजाचं किंवा राणीचं चित्र येतं, कारण त्यांचाही राष्ट्रप्रमुख तोच. राणीचं निधन सप्टेंबर २०२२ मध्ये झालं. नंतरच्या काही नाण्यांवर तिच्या चित्राबरोबर १९५२–२०२२ अशी सालं आहेत. ही सालं म्हणजे नाणं पाडल्याचं वर्ष नव्हे. पलाऊ प्रजासत्ताक आहे, त्याच्या नाण्यावर राणी नसते.

कुपीतून काढावं का? साफ कसं करावं?

शक्यतो काढू नका. २४ कॅरेट सोनं अतिशय मऊ असतं आणि पाव मिलिमीटरची चकती बोटाच्या चिमटीत वाकते. वाकलेली सरळ केली तरी घडी दिसतेच. काढावंच लागलं तर टेबलावर मऊ कापड पसरा, नायट्राइलचे हातमोजे घाला आणि कुपी कापडाला अगदी टेकवून उघडा. नाणं इतकं हलकं असतं की स्थिर विजेने झाकणाला चिकटून वर येतं आणि मग फरशीवर पडतं. पंखा बंद ठेवा. उचलायला प्लॅस्टिकच्या टोकाचा चिमटा.

दागिन्यांसारखं रिठ्याच्या पाण्यात घालून ब्रशने घासणं इथे चालणार नाही. प्रूफचा आरसा एका फटकाऱ्यात जातो. बोटाचा ठसा असेल तर काचेच्या वाटीत शुद्ध अॅसिटोन घेऊन काही मिनिटं बुडवा, काढून न पुसता वाळू द्या. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्यात तेल आणि रंग असतो. कुपीवर अॅसिटोन पडलं तर ती पांढरी पडते किंवा विरघळते. खिडक्या उघड्या, जवळ गॅस पेटलेला नको.

९९९९ च्या नाण्यांवर कधीकधी तांबूस ठिपके येतात. त्यामुळे नाणं खोटं ठरत नाही. पाडताना पृष्ठभागावर राहिलेले दुसऱ्या धातूचे कण नंतर काळवंडतात. खरवडायला जाऊ नका.

पीव्हीसीची मऊ पाकिटं टाळा, त्यांतून हिरवट चिकट थर सुटतो. कुपीचा आतला व्यास नाण्याइतकाच हवा, ढिल्या कुपीत नाणं घासत राहतं. कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्यात सोन्याला काही होत नाही, पण प्रमाणपत्र आणि डब्यातलं मखमली अस्तर बुरशी धरतं. डबा बंद पिशवीत सिलिका जेलबरोबर ठेवा.

परदेशी संकेतस्थळावरून भारतात मागवता येईल का?

नको. डिसेंबर २०१९ पासून सोन्याची आयात ‘निर्बंधित’ वर्गात आहे आणि ती रिझर्व्ह बँक किंवा डीजीएफटीने (परकीय व्यापार महासंचालनालयाने) नेमलेल्या संस्थांमार्फत होते. घरच्या पत्त्यावर एक नाणं टपालाने मागवलं तर ते सीमाशुल्क विभागात अडकण्याची, जप्त होण्याची आणि वर दंड बसण्याची शक्यता खरी आहे. बहुतेक कुरियर कंपन्या सोन्याची नाणी स्वीकारतच नाहीत, आणि पाकिटावर ‘भेटवस्तू’ लिहून पाठवलेलं हरवलं तर विमाही मिळत नाही.

येताना सामानातून आणलं तर?

आणता येतं, पण जाहीर करून. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. वर्षाहून जास्त काळ परदेशात राहून येणाऱ्यांना पुरुषांसाठी २० ग्रॅम आणि स्त्रियांसाठी ४० ग्रॅमची जी शुल्कमाफी आहे ती दागिन्यांसाठी आहे. नाणं दागिन्यात धरत नाहीत, अर्ध्या ग्रॅमचं असलं तरी. विमानतळावर लाल मार्गिकेत (शुल्क लागणारं सामान जाहीर करायच्या रांगेत) जा, नाणं आणि खरेदीची पावती दाखवा.

सहा महिन्यांहून जास्त काळ बाहेर राहिलेल्या पात्र प्रवाशाला सवलतीचा दर मिळतो. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात सोन्यावरचं शुल्क ६ टक्क्यांवर आणलं होतं. हे दर बदलत असतात, तेव्हा निघण्याआधी सीबीआयसीच्या (केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या) संकेतस्थळावर त्या दिवसाचा दर बघा. शुल्क परकीय चलनात भरावं लागतं. आठवड्याभराच्या सहलीवरून येणाऱ्याला सवलत नाही, त्याला सामानाचा सर्वसाधारण दर लागतो आणि तो कितीतरी जास्त असतो. शुल्काची पावती नाण्याच्या डब्यातच ठेवा. पुढे नाणं विकताना किंवा वारसाकडे देताना ते कायदेशीर मार्गाने आल्याचा तोच पुरावा.

पीसीजीएस किंवा एनजीसीकडून श्रेणी लावून घ्यावी का?

या नाणी तपासून त्यांच्या स्थितीची श्रेणी ठरवणाऱ्या अमेरिकन संस्था आहेत. अर्ध्या ग्रॅमसाठी नाही. तपासणीचं शुल्क, जाण्यायेण्याचा विमा आणि सीमाशुल्काची कटकट मिळून खर्च आतल्या सोन्यापेक्षा जास्त होतो. आधीच श्रेणी लावलेलं नाणं त्याच किमतीला मिळत असेल तर घ्या, पण तपासणीसंस्थेच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकून छायाचित्र जुळतंय ना ते पाहिल्यावरच.